शिंजिराचा नर 'काहीच करत नाही', तेव्हा तो काय करत असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कर्वेनगरला तुमच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला शिंजीर (सनबर्ड) या पक्ष्यानं घरटं टांगलंय. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, कापूस असं सगळं मादीनं एकटीनं आणलं, आता अंड्यांवरही तीच बसते. काळा-जांभळा चकचकीत नर समोरच्या केबलवर बसून नुसता गातो. सातवीतल्या तुमच्या मुलीनं विचारलं, "हा बाबा काहीच का करत नाही?" तिनं शाळेच्या प्रकल्पात आधीच लिहून टाकलंय की पक्षी जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात आणि दोघं मिळून पिल्लं वाढवतात. त्यातच सासवडकडच्या एका तळ्यावर तिनं कमळपक्ष्याचा नर एकटा पिल्लं सांभाळताना पाहिला, आणि तिचा गोंधळ वाढला. म्हणजे तुमचे प्रश्न तीन: या नराचं दुसरीकडे काही चाललंय का, आपण साखरपाणी ठेवून मदत करावी का, आणि पिल्लं कोणी वाढवायची हे निसर्गात ठरतं कसं.

बाल्कनीचं आधी उरकू. वर्णनावरून हा जांभळा शिंजीर. या जातीत घरटं जवळजवळ पूर्णपणे मादी बांधते, अंडी (बहुधा दोन) फक्त तीच उबवते, आणि त्याला पंधरा-सतरा दिवस लागतात. त्यामुळे आत्ता तुम्हाला दिसतंय ते अगदी रीतसर चाललंय. पिल्लं बाहेर आली की नरही चारा आणू लागतो, मात्र मादीपेक्षा कमी फेऱ्या मारतो. किती कमी, हे त्या त्या नरावर आणि जागेवर अवलंबून असतं. पुण्यातल्या सोसायट्यांमधल्या घरट्यांच्या नोंदी मी बरीच वर्षं ठेवतोय. त्यात मादीच्या जवळपास बरोबरीनं भरवणारे नर सापडतात, आणि दिवसभरात तोंड दाखवून जाणारेही. केबलवरच्या गाण्याला मात्र रिकामपण समजू नका. ज्या दिवसांत मादी अंडी घालते त्या दिवसांत दुसरा नर आसपास फिरकू न देणं हे त्याच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं काम असतं. शेजारच्या फुलझाडांवरचा हक्कही तो त्याच गाण्यानं राखतो.

साखरपाणी नको. फुलातला रस ही मोठ्यांची सोय झाली. पिल्लांना अंग धरायला प्रथिनं लागतात, म्हणून त्यांना प्रामुख्यानं बारीक किडे आणि कोळी भरवले जातात. साखरपाण्यानं दोरीवर मुंग्यांची रांग लागेल, आणि मुंग्या घरट्यात शिरल्या तर पिल्लं वाचत नाहीत. मदतच करायची असेल तर कुंड्यांवर कीटकनाशक फवारणं महिनाभर थांबवा आणि मोबाइल घरट्याच्या तोंडाशी नेऊ नका.

आता तिसरा प्रश्न. तो 'चांगला बाप, वाईट बाप' या चौकटीत घातला की उत्तर सापडतच नाही, कारण त्या चौकटीत प्रत्येक पक्ष्याला स्वभाव चिकटवावा लागतो: सारस एकनिष्ठ, मोर रंगेल, कोकिळा निष्काळजी. मी विद्यार्थ्यांना स्वभाव बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहायला सांगतो. पहिली, या पिल्लांना जगायला एक पालक पुरतो का? दुसरी, जो पालक सोडून जाईल त्याला पुढं काही मिळण्यासारखं आहे का? रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये पालकांच्या गुंतवणुकीचा विचार मांडला, त्याचा गाभा साधारण हाच आहे. एका पिल्लावर केलेला खर्च पुढच्या पिल्लांच्या वाट्यातून वजा होतो. त्यामुळे हा खर्च कोण किती करणार यावर आई आणि बाप यांचं हित जुळेलच असं नाही.

तुमच्याच इमारतीतलं उदाहरण घेऊ, ज्यांना आपण जाळ्या लावून हाकलतो त्या कबुतरांचं. पुणेकरांना कबुतराबद्दल चांगलं ऐकवत नाही हे मला माहीत आहे, पण पालकत्वाच्या बाबतीत हा पक्षी विलक्षण आहे. अंडी दोघं उबवतात. सकाळ उलटल्यापासून दुपारपर्यंत बहुधा नर बसतो, उरलेला वेळ आणि रात्रभर मादी. आपल्याला दोघं सारखेच दिसतात, म्हणून 'आई दिवसभर बसून आहे' असं वाटतं. पिल्लं जन्मली की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीच्या आतल्या आवरणातून दह्याच्या चोथ्यासारखा स्निग्ध, प्रथिनयुक्त पदार्थ तयार होतो, आणि पहिले काही दिवस पिल्लांना तेवढाच मिळतो. सस्तन प्राण्यांत दूध तयार व्हायला प्रोलॅक्टिन नावाचं जे संप्रेरक लागतं, तेच इथंही काम करतं, आणि नरातसुद्धा. किड्यांवर अवलंबून नसल्यामुळे कबुतराला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही, दाणे मिळाले की वर्षभर वीण चालू. भिगवणला हिवाळ्यात आपण ज्यांच्यासाठी पहाटे उठून जातो ते रोहितही (फ्लेमिंगो) पिल्लांना असाच गळ्यातला द्रव भरवतात, दोघंही. तो सोहळा मात्र कच्छच्या रणात होतो, आपल्या वाट्याला नुसते पाहुणे येतात.

दोघांचीही नितांत गरज असली की काय होतं, याचं दुसरं टोक म्हणजे राखी धनेश. हा पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये, विद्यापीठाच्या आवारात, जुन्या वड-पिंपळांवर आरामात दिसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. आत बसल्यावर ती उडायची पिसं गाळते, म्हणजे बाहेर पडली तरी उडता येणार नाही. अंडी उबेपर्यंत आणि पिल्लं लहान असेपर्यंत नर त्या फटीतून उंबर, वडाची फळं, किडे, सरडे पुरवत राहतो. इथं नर पळाला तर मादी आणि पिल्लं दोन्ही संपण्याची शक्यता, आणि सगळ्या माद्या एकाच सुमाराला ढोलीत कोंडलेल्या असताना पळून त्याला मिळणार काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच बाजूला पडतात. म्हणून धनेशाचा नर आपल्याला 'आदर्श' वाटतो.

याच्या उलट मोर. लांडोरीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच चालू लागतात आणि स्वतः टिपायला शिकतात, त्यामुळे एक आई पुरते. नर नाचाच्या ठरलेल्या जागी पिसारा फुलवून उभा, माद्या येऊन निवड करतात आणि निघून जातात. मग लांडोर निवडते कशावरून? इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड प्राणिउद्यानात मेरियन पेट्री यांना दिसलं की पिसाऱ्यात डोळे जास्त असलेल्या मोरांना जास्त माद्या मिळतात. १९९४ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की जास्त नटलेल्या बापांची पिल्लं अधिक जगतात. पुढं जपानमध्ये सात वर्षं केलेल्या अभ्यासात पिसारा आणि निवड यांचा तसा संबंध मिळाला नाही. म्हणून 'लांडोर डोळे मोजते' हे ठाम विधान मी करत नाही, तुम्हीही मुलीला करू देऊ नका. मोराच्या चिंचोलीला गेलात तर एवढं मात्र नक्की पाहता येईल की पिल्लांमागे फिरणारी एकटी लांडोर असते.

इथं एक अडचण येते, आणि हुशार मुलं ती लगेच पकडतात. टिटवीची पिल्लंही पहिल्याच दिवशी पळू लागतात, मग तिथं दोघं का थांबतात? उत्तर घरट्यात आहे. टिटवी उघड्या खडीवर, कधी इमारतीच्या गच्चीवर अंडी घालते, तीही ऐन उन्हाळ्यात. अंड्यांना ऊब देण्यापेक्षा त्यांना उकडू न देणं हे मोठं काम. पालक पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. एक सावली धरून बसला असताना दुसऱ्याला कुत्रा, कावळा, मुंगूस यांच्यावर ओरडावं लागतं. म्हणजे 'पिल्लू चालतं की नाही' एवढ्यावर भागत नाही, जागा आणि हवामानही हिशेबात धरावं लागतं.

सुगरण पक्ष्याकडे मी मुद्दाम वळतो, कारण त्याची खरी कुंडली आपल्याच कोकणात मांडली गेली. अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी या पक्ष्याच्या विणीचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रसिद्ध केला. पावसाळ्यात विणकाम नर करतो. घरटं अर्धं, शिरस्त्राणाच्या आकाराचं झालं की तो थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून तपासते. पसंत पडलं तर ती राहते आणि मग नर उरलेली नळी पूर्ण करतो. नापसंत घरटी तशीच लोंबकळत राहतात. विहिरीवरच्या बाभळीला अर्धवट घरटी का दिसतात, याचं हे उत्तर. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारीच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पावसात गवताचं बी आणि किडे मुबलक, घरटं सापासारख्या शत्रूंना अवघड, त्यामुळे पिल्लं वाढवण्याचा बहुतेक भार मादी पेलू शकते. नराला पुढं मिळण्यासारखं भरपूर आहे, आणि ते त्याला त्याच झाडावर मिळतं.

आता मुलीनं पाहिलेला कमळपक्षी. इथं मादी आकारानं मोठी, तीच हद्द राखते आणि तीच इतर माद्यांशी भांडते. ती एका नरासाठी चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे वळते. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी एका हंगामात अशी दहापर्यंत वेळा अंडी घालू शकते. नर साधारण साडेतीन-चार आठवडे उबवतो, आणि नंतर पिल्लांमागे फिरतो. कांस्यपंखी जातीचा नर तर धोका वाटला की पिल्लांना पंखाखाली दाबून उचलतो. तेव्हा त्याच्या अंगातून पिल्लांचे लांबच लांब पाय लोंबताना दिसतात. फोटोत पाहणाऱ्याला वाटतं या पक्ष्याला आठ-दहा पाय आहेत.

हे उलटं कसं झालं? पिल्लं जन्मतःच स्वतः टिपणारी, म्हणजे एक पालक पुरतो. तरंगत्या पानांवरची अंडी बुडण्याची, पळवली जाण्याची शक्यता फार, म्हणून पटकन पुन्हा अंडी घालू शकणारी मादी मोकळी असणं फायद्याचं. ज्या माद्यांना हे जमलं त्यांची संख्या वाढली असावी. पण हा क्रम नेमका असाच घडला का, आणि याच कुळात का, यावर अभ्यासकांमध्ये अजून चर्चा आहे. कवडी पाटला नशिबानं रंगीत पाणलावा (पेंटेड स्नाइप) दिसला, तर त्यातही भडक रंगाची ती मादी आणि फिकट, अंड्यांवर बसणारा तो नर असतो.

या उलट्या भूमिकांचा एक काळा भाग सांगतो, त्यासाठी आधी वानरांकडे वळावं लागेल. मुलीला सांगायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. धारवाडजवळच्या जंगलात १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं वानरांचा अभ्यास केला. टोळीवर नव्या नरानं कब्जा केल्यावर तो आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्लं मारतो, हे त्यातून समोर आलं. पुढं सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडात यावर सविस्तर काम केलं. दूध तुटलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं लवकर जन्मतात. हे ऐकून लोक 'नराची जात' म्हणून मोकळे होतात. पण पनामातल्या कमळपक्ष्यांमध्ये संशोधकांनी काही माद्या हद्दीतून काढल्या, तेव्हा तिथं आलेल्या नव्या माद्यांनी आधीच्या मादीची पिल्लं मारली, आणि मोकळ्या झालेल्या नरांना आपली अंडी दिली. लिंग बदललं, हिशेब तोच राहिला. मला स्वतःला वानर आणि कमळपक्षी या दोन उदाहरणांनी जेवढं शिकवलं तेवढं जाड पुस्तकांनीही नाही.

'जन्मभर एकच जोडीदार' या वाक्याकडे येऊ, कारण प्रकल्पात ते दुरुस्त करायला हवं. एका हंगामात एक नर आणि एक मादी मिळून संसार करतात असं नव्वद टक्क्यांहून अधिक पक्ष्यांच्या जातींत दिसतं, हे डेव्हिड लॅक यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली. मात्र संसार एकत्र असणं आणि पिल्लं त्याच नराची असणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. १९८० च्या दशकात डीएनएवरून ओळख पटवण्याचं तंत्र आलं आणि लवकरच ते चिमण्यांना लावलं गेलं. एकाच घरट्यात शेजारच्या नराची पिल्लं सापडू लागली. पुढं अनेक जातींची माहिती एकत्र केल्यावर असं दिसलं की जोडीनं राहणाऱ्या ज्या जाती तपासल्या, त्यांतल्या जेमतेम पाव जातींतच सगळी पिल्लं घरच्या नराची होती. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरीरेन या चिमुकल्या पक्ष्यात तर बहुसंख्य पिल्लं बाहेरच्या नरांची असतात. केंब्रिजच्या बागांत निक डेव्हिस यांनी डनक या साध्या तपकिरी पक्ष्यावर काम केलं. एका मादीबरोबर दोन नर असले, तर प्रत्येक नर आपल्याला मिलनाची जितकी संधी मिळाली त्या प्रमाणात पिल्लांना भरवतो, असं त्यांना आढळलं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे 'नराचं दुसरीकडे काही चाललंय का' याचं, प्रामाणिक उत्तर असं: दुर्बिणीतून ते कळत नाही. असूही शकेल. आणि हाच संशय मादीबद्दलही घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्यांची पिल्लं वाढवणारेही आहेत. टेकडीवर कलकलाट करत फिरणाऱ्या सातभाईंच्या थव्यात अंडी एका जोडीची असली तरी भरवायला बाकीचेही येतात. बहुतेक वेळा ते नात्यातले असतात, आणि भावंडं वाढवूनही आपलाच वारसा पुढं जातो, हे डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये गणितानं दाखवलं. या उदारपणाचा फायदा पावशा आणि चातक घेतात, त्यांची अंडी सातभाईंच्याच घरट्यात. कोकिळेनं कावळ्याला निवडलंय. कोकिळेचं पिल्लू यजमानांची अंडी ढकलून देत नाही, कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढतं. युरोपातल्या कुक्कू या वेगळ्या जातीबद्दलची ढकलाढकलीची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकी गप्पांत घुसली आहे, ती इथं लागू नाही.

पक्ष्यांपलीकडे गेलात तर माझ्या दोन प्रश्नांतला दुसरा जास्त उपयोगी पडतो. सस्तन मादीच्या पोटात गर्भ आणि अंगावर दूध, त्यामुळे सुरुवातीला नराला करण्यासारखं थोडंच असतं आणि तो बहुधा निघून जातो. माशांमध्ये अंडी बाहेर फलित होतात, बऱ्याचदा नरानं राखलेल्या जागेत. तिथंच थांबून राखण करताना त्याला आणखी माद्यांची अंडीही मिळू शकतात, म्हणजे थांबण्यात तोटा नाही. म्हणून ज्या माशांत एकच पालक राखण करतो, त्यांत तो बहुतेकदा बाप असतो. स्टिकलबॅक माशाच्या माद्या तर आधीच अंडी असलेलं घरटं पसंत करतात. नियमाला अपवाद हवा असेल तर उजनीच्या बाजारात मिळणारा चिलापी आहे. त्याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. सह्याद्रीच्या ओढ्यांवर पावसाळी रात्री बॉम्बे नाइट फ्रॉग या बेडकाचा नर पानांवरच्या, दगडांवरच्या अंड्यांजवळ पहारा देतो. साध्या डबक्यात चपटा, ढेकणासारखा पाणकिडा पाठीवर अंड्यांची फरशी घेऊन फिरताना दिसला तर तो बाप समजा. मादीनं ती अंडी त्याच्या पाठीवर चिकटवलेली असतात.

प्रकल्पाचं म्हणाल, तर 'जन्मभर' हा शब्द काढून 'बहुतेक जातींत एका हंगामापुरती जोडी' असं लिहू दे, आणि खाली बाल्कनीतल्या स्वतःच्या नोंदी जोडू दे. पिल्लांचा बारीक आवाज सुरू झाला की रोज सकाळी एकाच ठरलेल्या तासात, खोलीच्या आतून, पडद्याआडून मोजायचं. नराच्या फेऱ्या एका रकान्यात, मादीच्या दुसऱ्यात, तिसऱ्यात चोचीत किडा दिसला का. नर मोजणं सोपं आहे, तो काळा आहे. एखाद्या दिवशी तो आलाच नाही तर तिथं शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ 'पाहिलंच नाही' असाही होतो. पुढच्या वर्षी हीच जोडी परत येईल का असं ती विचारेलच. पायात कडी घातलेली नसेल तर ते सांगता येत नाही, आणि कडी घालायचं काम परवाना असलेल्या संशोधकांचं आहे, आपलं नाही. पिल्लं उडाल्यावर लगेच दोरी सोडू नका. जांभळा शिंजीर जुनं घरटं कधीकधी पुन्हा वापरू शकतो, तेव्हा काही आठवडे चादरी गच्चीवरच वाळत घाला.